एकट्या कारागिराने बनवलेलं सेकंडहँड मँडोलिन घेताना काय काय बघायचं

समजा एक मँडोलिन तुम्हाला आवडलंय. कुठल्या कंपनीचं नाही, एकट्या माणसाने स्वतःच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बसून बनवलेलं, आणि हेडस्टॉकवर, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकावर, असं नाव की दहा वाजवणाऱ्यांना विचारलं तर आठ जण म्हणतील ऐकलं नाही बुवा. विकणारा पहिला नाहीतर दुसरा मालक. भाव चांगल्या फॅक्टरी मँडोलिनपेक्षा थोडा वर, पण त्याच कारागिराकडून आज नवीन बनवून घेतलं तर जे पडेल त्याच्या बरंच खाली. फोटोत देखणं दिसतंय आणि तुमचा जीव त्यात अडकलाय.

मी या जागी तीनदा होते. एकदा फसले, एकदा वेळेवर मागे फिरले, आणि एकदा असं वाद्य मिळालं की गेली कितीतरी वर्षं ते रोज हातात असतं. त्यातून जे शिकले ते इथे लिहितेय.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. कंपनीचं वाद्य घेताना मॉडेलचं नाव टाकून शंभर रिव्ह्यू वाचता येतात, एकट्या लुथियरच्या म्हणजे तंतुवाद्य बनवणाऱ्या कारागिराच्या वाद्याला तसं काही नसतं, त्याचं पाचवं वाद्य आणि पन्नासावं वाद्य यांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. तुम्ही एका माणसाचं हातकाम विकत घेताय, तेव्हा तपासायचंही ते हातकामच. आणि तो माणूस हयात असेल, फोन उचलत असेल, तर त्याच्याशी बोलल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

कुठल्या आवाजाचं हवंय ते आधी ठरवा

हा भाग पटकन सांगते कारण बऱ्याच जणांना माहीत असतो. कोरलेल्या म्हणजे व्हायोलिनसारख्या फुगीर टॉपच्या (वरच्या लाकडी फळीच्या) मँडोलिनचं पेटंट ऑर्विल गिब्सनला १८९८ साली मिळालं, १९०२ मध्ये त्याच्या नावाची कंपनी निघाली, आणि १९२२ मध्ये त्याच कंपनीत लॉइड लोअरच्या देखरेखीखाली एफ-५ आलं, ज्याला अंडाकृती भोकाऐवजी व्हायोलिनसारखी दोन एफ-होल, म्हणजे f अक्षराच्या आकाराची भोकं, होती. लोअर १९२४ च्या शेवटी कंपनी सोडून गेला. म्हणजे जेमतेम अडीच-तीन वर्षांचं काम, पण आजही बहुतेक एकटे कारागीर मापं घेतात ती त्या काळातल्याच वाद्यांची. ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताचा जनक मानला जाणारा बिल मनरो १९४० च्या दशकापासून मुख्यतः १९२३ चं एफ-५ वाजवायचा, त्यामुळे तो आकार आणि ब्लूग्रास हे समीकरणच होऊन बसलं.

तुमच्यासाठी यातून कामाचं एवढंच. अंडाकृती भोक असलेलं मँडोलिन साधारण गोड आणि घुमणारं, सूर जास्त वेळ टिकणारं. एफ-होलवालं कोरडं, ठसठशीत, चार वाद्यांच्या गर्दीतून वर येणारं. आणि एफ-स्टाइल की ए-स्टाइल, म्हणजे तो शंखासारखा वळलेला स्क्रोल आणि दोन टोकं हवीत की साधा थेंबाचा आकार, हा प्रश्न बहुतांशी दिसण्याचा आहे. आतली रचना सारखी असेल तर स्क्रोलमुळे आवाज बदलतो असं मला तरी कधी जाणवलं नाही, पण स्क्रोल कोरायला, त्याच्याभोवती बाइंडिंग (कडेची पट्टी) वळवून बसवायला कारागिराचे खूप तास जातात आणि भावात तो फरक पुरेपूर येतो. पैसे मोजून घेणार असाल तर त्याच कारागिराचं ए-स्टाइल शोधा. मी तेच केलं.

कारागिराला फोन करा

लेबल बहुतेकदा एफ-होलमधून किंवा अंडाकृती भोकातून आत दिसतं. त्यावर नाव, नंबर, साल असतं. कधी लेबल नसतं, नुसती पेन्सिलने बॅकच्या आतल्या बाजूला सही आणि तारीख असते, ती बघून मला कायम छान वाटतं. विकणाऱ्याकडून त्याचा स्पष्ट फोटो मागून घ्या आणि मग मेकरला गाठा.

बरेच जण इथे लाजतात. आपण त्यांच्याकडून नवीन घेत नाही मग त्यांचा वेळ का खायचा असं वाटतं. अहो उलट असतं, बहुतेक कारागिरांना आपलं जुनं वाद्य कुठे फिरतंय हे कळलेलं आवडतं. माझ्या आत्ताच्या मँडोलिनच्या वेळी मी फोन केला, नंबर सांगितला, तर पलीकडून आधी वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हो, हे ए-स्टाइल, टॉपला एंगलमन स्प्रूस आहे, बॅक-साइडला मेपल. टॉप मी जरा जाड ठेवला होता, पहिल्या दोन-तीन वर्षांत मोकळा झाला असेल. फ्रेट एकदा मीच बदलून दिलेत." विकणाऱ्याला यातलं अर्धंही ठाऊक नव्हतं. आणि फ्रेट, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या तारा, बदललेत हे विक्रीच्या माहितीत कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्याच्या दृष्टीने ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

काय विचारायचं? हे तुमचं कितवं वाद्य. सुरुवातीची वाद्यं अनेकदा घाबरत घाबरत जाड ठेवलेली असतात, मजबूत असतात पण आवाज बंद-बंद येतो. काहींच्या बाबतीत उलट, टॉप इतका पातळ कोरलेला की दहा वर्षांत तारांच्या दाबाने खाली बसतो. मग नेक (वाद्याची मान) कसा जोडलाय ते विचारा: डव्हटेल म्हणजे खाचेत अडकणारा सांधा आणि सरस, की बोल्ट, की आणखी काही. सरसाने जोडलेला सांधा उष्णता आणि ओलावा देऊन पुन्हा उघडता येतो, इपॉक्सीने चिकटवलेला असेल तर पुढे दुरुस्त करणाऱ्याची कसोटी लागते. ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमीजास्त करायची आतली सळई, आहे का, की आत नुसती कार्बन फायबरची पट्टी आहे (ती चालते, पण मग नेकचा बाक नंतर हलवता येत नाही हे माहीत असलेलं बरं). फिनिश कसलं, वार्निश की लॅकर. वाद्य कधी दुरुस्तीला परत आलं होतं का. आणि सगळ्यात शेवटी, मोठं काम निघालं तर तुम्ही कराल का. वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरतीच असते, त्यामुळे फुकट करा असं म्हणायचं नाही, पण "आणा, बघतो" एवढं जरी म्हणाले तरी त्या वाद्याची किंमत माझ्या लेखी वाढते.

कारागीर आता या जगात नसेल किंवा काम सोडलं असेल तर त्याची दोन-तीन वाद्यं वाजवलेल्या माणसाला शोधा. तेही नाही जमलं तर पुढचं सगळं दुप्पट नीट तपासा.

एक लक्षात ठेवा, "हँडमेड" हा शब्द फॅक्टरीतल्या वाद्याच्या टॅगवरही असतो. दहा माणसांच्या हातांतून गेलेलं तेही हातानेच बनलेलं. आणि एकट्या कारागिराने टॉपची ढोबळ कोराई मशिनवर करून घेतली तर त्यात काही वाईट नाही, शेवटची जाडी हाताने आणि कानाने जुळवली का एवढाच प्रश्न. तोही सरळ विचारा, चांगला कारागीर लपवत नाही.

नेक आणि ब्रिज: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मँडोलिन एवढंसं दिसतं, पण आठ तारा, म्हणजे दोन-दोनच्या चार जोड्या, मिळून साधारण ७० ते ८५ किलोचा ताण असतो. दिवसरात्र, केसमध्ये बंद असतानाही. एक अख्खा मोठा माणूस त्या छोट्याशा नेकला आणि टॉपला कायम लटकलाय असं समजा. त्यामुळे हातकामात कुठे कसर राहिली असेल तर ती बाहेर पडते ती नेकच्या सांध्यात नाहीतर टॉपमध्ये.

मी फसले ती इथेच. पहिलं मँडोलिन एफ-स्टाइल होतं, गडद सनबर्स्ट, स्क्रोल इतका रेखीव की मी त्याच्यावरून नजर हटवलीच नाही. विकणारा माणूस बोलायला चांगला, मी अर्धा तास वाजवलं आणि घेऊन आले. दोन महिन्यांत तारा फिंगरबोर्डपासून (बोटं दाबायच्या पट्टीपासून) वर वर जायला लागल्या. मी ब्रिजची, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीची, उंची बदलायची चाकं खाली घेत गेले, घेत गेले, आणि एक दिवस खाली घ्यायला जागाच उरली नाही. दुरुस्तीवाल्याने वाद्य उलटं धरलं, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथे, हीलच्या कडेला दिव्याचा तिरपा उजेड टाकला आणि मला बोट ठेवायला सांगितलं. नखाला लागेल न लागेल अशी एक रेघ होती, आणि तिच्यावर नंतर कुणीतरी रंग भरून लॅकर मारलेलं होतं. सांधा आधीच सुटत होता, तो झाकून वाद्य विकलं गेलं होतं. नेक काढून पुन्हा कोन देऊन बसवावा लागला, त्या खर्चात एक बरं फॅक्टरी मँडोलिन आलं असतं. वाईट खर्चाचं वाटलं नाही, वाईट याचं वाटलं की मी वाद्य एकदाही उलटं करून बघितलं नव्हतं.

तर आधी उलटं करा. हीलच्या दोन्ही कडा, हीलकॅपची कड, आणि फिंगरबोर्डचा जो भाग टॉपच्या वर तरंगत पुढे येतो त्याच्या खालची बाजू, तिन्ही ठिकाणी तिरपा उजेड टाकून बघा. पातळ कागदाचा कोपरा आत सरकत असेल तर सांधा उघडतोय. रंगाचा पोत फक्त तेवढ्याच भागात वेगळा वाटत असेल तरी संशय घ्या. जवळ यूव्ही टॉर्च असेल तर अंधाऱ्या खोलीत फिरवून बघा, नंतर मारलेलं फिनिश मूळ फिनिशपेक्षा वेगळं चमकतं, साध्या उजेडात न दिसणारे डाग उठून दिसतात.

मग ब्रिज बघा. मँडोलिनचा ब्रिज चिकटवलेला नसतो, फक्त तारांच्या दाबाने उभा असतो, आणि बहुतेक ब्रिजमध्ये दोन छोटी चाकं असतात ज्यांनी उंची कमीजास्त होते. ही चाकं कुठे आहेत हे नीट बघा. अगदी तळाला टेकली आहेत आणि तरीही तारा उंच आहेत? मग नेक पुढे झुकलाय. उलट चाकं स्क्रूच्या टोकापर्यंत वर चढवलीत, खाली एखादी लाकडाची पट्टीही सरकवलीय? मग टॉप बसलेला असण्याची शक्यता मोठी, किंवा नेकचा कोन मुळात चुकलाय. चाकं मधे कुठेतरी असतील, वर-खाली दोन्हीकडे जागा असेल, तर ते निरोगी वाद्य.

एक सरळ स्टीलची पट्टी मिळाली तर फ्रेटवर ठेवून ब्रिजकडे सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याच्या किंचित खाली यायला हवं. फारच खाली, टॉपच्या जवळ गेलं तर नेकचा कोन गेलेला.

अ‍ॅक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, १२व्या फ्रेटवर मोजा. जी तारांखाली २ मिलिमीटर किंवा जरा कमी, ई तारांखाली दीडच्या आसपास, हे बहुतेकांच्या हाताला बरं पडतं. नेकचा बाक बघायचा असेल तर तार पहिल्या फ्रेटला आणि बॉडीच्या सांध्याजवळच्या फ्रेटला दाबून धरा, मधे कागदाएवढी फट दिसली की ठीक. ट्रस रॉडचा नट फिरतो का हे विकणाऱ्यालाच फिरवून दाखवायला सांगा, स्वतः हात लावू नका. अडकलेला किंवा पूर्ण आवळून संपलेला रॉड हा भाव पाडायचं कारण आहेच, कधीकधी व्यवहार सोडायचंही.

टॉप बसलाय का हे कळायला वाद्य टेलपीसच्या (तारांची खालची टोकं अडकवतात त्या भागाच्या) बाजूने डोळ्याच्या रेषेत धरा. फुगवटा ब्रिजच्या दोन्ही बाजूंना सारखा उतरतो का? ब्रिजच्या पायाखाली खळगा, किंवा एका एफ-होलची कड दुसऱ्यापेक्षा आत गेलेली दिसली तर आतला टोनबार (टॉपला आतून आधार देणारी पट्टी) सुटला असेल किंवा टॉप थकला असेल. अगदी थोडासा बसणं जुन्या वाद्यात चालतं, वर्षानुवर्षं तसंच स्थिर असतं. प्रश्न असतो की अजून बसतंय का. मेकरला जुना फोटो मागा आणि ताडून बघा.

आत डोकवा

दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आणि तारेवरचा बारीक एलईडी दिवा, एवढं पुरतं. फोनला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा असेल तर सोन्याहून पिवळं. लॅकर आणि बाइंडिंग बाहेरून चकचकीत असतात, माणसाची खरी शिस्त आत कळते जिथे कुणी बघणार नसतं. टोनबारची टोकं निमुळती होत टॉपला चिकटून संपतात का, की तुटक थांबलीत. साइडला आतून लावलेली खाचांची पट्टी सगळीकडे बसलीय का. सरस ओघळून वाळलेला आहे का. थोडा ओघळ चालतो, आत सफाईने घासलेलंच असलं पाहिजे असं नाही, हत्याराच्या खुणा तर मला उलट आवडतात. पण लाकूड आणि लाकूड यांच्यात काळी रेघ म्हणजे फट, ती नको.

मी मागे फिरले ते वाद्य आतूनच कळलं. बाहेरून निर्दोष, आवाजही बरा, पण आरशात बघितलं तर टॉपच्या आतल्या बाजूला मधल्या जोडावर ओळीने लाकडाची छोटी ठिगळं चिकटवलेली, एकूण पाच. तडा गेला की आतून अशी ठिगळं लावणं ही रीतसर दुरुस्ती आहे, नीट केलेली असेल तर घाबरायचं कारण नाही. पण विकणारा म्हणाला, "मला काही माहीत नाही, माझ्याकडे आल्यापासून असंच आहे," आणि मेकर म्हणाले की ठिगळं त्यांनी लावलेली नाहीत. मग मधे नेमकं काय घडलं होतं ते कोण सांगणार? सोडून दिलं.

तडे शोधायची नेहमीची ठिकाणं: एफ-होलची टोकं, टॉपचा मधला जोड, स्क्रोलच्या आतली घडी, फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांना समांतर, टेलपीसच्या खिळ्याभोवती, आणि हेडस्टॉक नेकला मिळतो तिथे मागच्या बाजूला. फिनिशला गेलेली बारीक जाळी आणि लाकडाला गेलेला तडा यांत गोंधळ होतो. लॅकरची जाळी लाकडाच्या रेषांची पर्वा करत नाही, आडवीतिडवी जाते. तडा रेषेच्या बाजूने जातो.

तारा हाताने दाबून गप्प करा आणि बोटाच्या पेराने टॉप आणि बॅकवर हलकेच टकटक करत फिरा. आवाज ठिकठिकाणी बदलणारच, पण कुठे "झर्र" असं ऐकू आलं तर आत काहीतरी सुटलंय.

आणि बोटं फिंगरबोर्डच्या कडेवरून नटपासून (हेडस्टॉकजवळच्या, तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीपासून) खालपर्यंत सरकवा. फ्रेटची टोकं टोचतायत? म्हणजे लाकूड सुकून आकसलंय, वाद्य कोरड्या जागी राहिलंय. मग तडे अजून बारकाईने शोधा. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता वाद्याला मानवते. केस उघडल्यावर कुबट वास आला तर उलटा प्रकार, ओलीत राहिलंय, सांधे तपासा.

फ्रेट, नट आणि ट्यूनरचं (तारा ताणायच्या खुंट्यांचं) फार टेन्शन घेऊ नका, ही झिजणारी आणि बदलता येणारी मंडळी. पहिल्या चार-पाच फ्रेटवर ए आणि ई तारांखाली खाचा असतात, खोल असतील तर फ्रेट बदलण्याचा खर्च भावातून वजा करून मागा. ट्यूनर फिरवताना तार नटच्या खाचेत अडकून "टिक" करून सुटते का ऐका, तसं असेल तर दोष बहुतेकदा ट्यूनरचा नसून खाचेचा असतो आणि ते दहा मिनिटांचं काम आहे.

वाजवून बघणं

आपलं पिक (तारा छेडायची चकती) घेऊन जा, दुसऱ्याच्या पिकने वाद्याचा आवाज कळत नाही. आणि विकणाऱ्याला आधीच सांगून नव्या तारा चढवून ठेवायला सांगा, हे फार महत्त्वाचं आहे, गंजक्या तारांवर चांगलं मँडोलिनही पत्र्यासारखं वाजतं आणि मग तुम्ही भलत्याच कारणाने नाही म्हणता. तारांची जाडीही विचारून घ्या, लाइट सेटवर मोकळं वाटणारं वाद्य मीडियमवर वेगळं असतं.

सुरुवातीला तुमचं पाठ असलेलं काही वाजवू नका. हात सवयीने पळतो आणि कान झोपतो. जी, डी, ए, ई, एकेक जोडी मोकळी छेडा आणि सूर संपेपर्यंत ऐका. मग प्रत्येक जोडीवर प्रत्येक फ्रेट, एकेक सूर, सावकाश. कंटाळवाणं आहे पण करा. एखादा सूर मधेच बसका निघतो, किंवा एकदम भसकन मोठा होऊन लगेच मरतो. असा एखादा सूर कुठल्याही कोरीव वाद्यात सापडतो, पण तो तुमच्या नेहमीच्या वापरातल्या जागी असेल, समजा ए तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सी, तर रोज खुपेल. ई तारांवर सातव्या फ्रेटच्या वर गेल्यावर आवाज किरकिरा आणि पातळ होतो का बघा, स्वस्तातलं आणि मनापासून केलेलं काम इथे वेगळं कळतं. जी तारांना पोट आहे का, म्हणजे नुसता ठक्क आवाज येतोय की त्याला खोलीही आहे.

१२व्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर जुळवून बघा. फरक असेल तर आधी ब्रिज सरकलेला असेल अशी शंका घ्या, बॉडीवर ब्रिजच्या जुन्या जागेची पुसट खूण दिसते बहुतेकदा. सगळीकडे फरक एकाच बाजूला असेल तर ब्रिज हलवून सुटतं. पण काही फ्रेट बेसूर आणि काही सुरात असं असेल तर बहुतेक फ्रेटच्या जागाच चुकल्यात, आणि ते ब्रिज हलवून सुटत नाही. सुरुवातीच्या वाद्यात क्वचित सापडतं, पण सापडलं तर उठून या.

मग एकदम हळू वाजवा. जोरात सगळीच वाद्यं वाजतात. बोटाच्या टोकाएवढ्या स्पर्शाला जे वाद्य उत्तर देतं त्यात कारागिराने टॉपची जाडी नीट जुळवलीय. त्यानंतर कॉर्डचे ठोके द्या, जोरात, आणि आवाज फाटतो का ऐका. शेवटी वाद्य दुसऱ्याच्या हातात द्या आणि समोर दोन-तीन पावलांवर उभे राहा. आवाज समोरच्या बाजूला जातो, वाजवणाऱ्याला तो पूर्ण ऐकू येत नाही.

नेकची जाडी, नटची रुंदी आणि फिंगरबोर्ड सपाट आहे की किंचित गोलसर, हे तुमच्या बोटांचं बोटांना कळतं. नट साधारण २८ ते ३० मिलिमीटर असतो, दीड-दोन मिलिमीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, हातात खूप वाटतो. सलग अर्धा-पाऊण तास वाजवल्याशिवाय ठरवू नका.

लांबून घेणार असाल तर

प्रत्यक्ष बघता येत नसेल तर वर सांगितलेल्या प्रत्येक जागेचा फोटो मागा: हीलच्या दोन्ही बाजू, ब्रिज बाजूने, चाकं दिसतील असा, टेलपीसकडून टॉपचा उभा कोन, हेडस्टॉकची मागची बाजू, आतलं लेबल. सोबत एक साधा व्हिडिओ, इफेक्ट न लावलेला, फोन समोर ठेवून प्रत्येक सूर सावकाश. फोटो द्यायला टाळाटाळ करणारा माणूस बाकी कितीही गोड बोलला तरी तिथे पैसे अडकवू नका. आणि व्यवहार ठरवताना वाद्य हातात आल्यावर दोन-तीन दिवस तपासायची मुदत, पसंत नाही पडलं तर परत, हे लेखी घ्या. येण्याजाण्याचा खर्च कुणाचा हेही आधीच.

पाठवताना तारा दीड-दोन सुरांनी सैल करायच्या, पूर्ण नाही, पूर्ण सैल केल्या की ब्रिज पडून टॉपवर ओरखडे काढतो. टेलपीसखाली आणि ब्रिजच्या आजूबाजूला मऊ कापड, हेडस्टॉकखाली भरपूर आधार, कारण पार्सल आपटलं की आधी मान तुटते. केस मोठ्या खोक्यात, सगळीकडून भरलेली, हलवलं तर आत काही हलता कामा नये. आणि पार्सल थंडीतून आलं असेल तर घरात आणून काही तास बंदच ठेवा, लगेच उघडलं तर गारठलेल्या लॅकरला तडे जाऊ शकतात. मोह आवरत नाही मला माहितेय, तरी ठेवा.

वाद्य सीमा ओलांडून येणार असेल तर लाकूड विचारा. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून सायटिसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या यादीत आहे, त्याच्या फिंगरबोर्डलाही कागद लागतात. बाकीच्या रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. नट किंवा नक्षी हस्तिदंताची असेल तर ती भानगड वेगळी, मी त्यात पडणार नाही.

भाव

त्या कारागिराचा आजचा नवीन वाद्याचा भाव आणि थांबावं किती लागतं, या दोन गोष्टी विचारा. रांग मोठी असेल तर सेकंडहँडचा भाव वरच राहणार, रांगच नसेल तर घासाघीस करायला भरपूर जागा. मग फ्रेट, नट, सेटअप (तारांची उंची, नेक, ब्रिज जुळवून घेणं) असा जो खर्च दिसतोय तो दुरुस्तीवाल्याला विचारून त्यातून काढा. चांगला सेटअप तर जवळजवळ प्रत्येक सेकंडहँड वाद्याला लागतोच, तो हिशोबात धरूनच चला. आणि पुढे विकताना जास्त मिळतील या आशेने अनोळखी नावाचं वाद्य घेऊ नका, गिऱ्हाईक मिळायला वर्षही जातं. वाजवायचं असेल तरच घ्या. माझ्या मते त्याच पैशांत फॅक्टरीच्या वाद्यापेक्षा जास्त लाकूड, जास्त तास आणि जास्त कान मिळतात, पण ते पैसे वाजवण्यातूनच वसूल होतात.

घरी आणल्यावर

तारा बदलताना एकेक बदला, सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज हलतो आणि मग सूर जुळवत बसावं लागतं. पहिल्या दिवशीच १२व्या फ्रेटवरची अ‍ॅक्शन मोजून तारखेसकट लिहून ठेवा, मग दर आठवड्याला, महिना-दोन महिने. आकडा जागचा हलला नाही तर सांधा ठीक आहे. बरेच दिवस केसमध्ये पडून राहिलेलं वाद्य सुरुवातीला आखडल्यासारखं वाजतं, रोज वाजवत राहा, माझं साधारण तीन आठवड्यांनी बोलायला लागलं.

आणि मेकरला नंबर टाकून कळवा की हे आता तुमच्याकडे आहे. मी कळवलं तेव्हा त्यांनी वहीत आधीच्या नावाखाली माझं नाव लिहिलं आणि त्या पानाचा फोटो पाठवला. वर लाकडाची माहिती, टॉपच्या जाडीचे पेन्सिलने लिहिलेले आकडे, खाली फ्रेट बदलल्याची तारीख. तो फोटो छापून मी केसच्या खिशात, तारांच्या पाकिटाशेजारी ठेवलाय, पुढेमागे कुणी दुरुस्त करायला घेतलं तर त्याच्या उपयोगी पडेल.